नाकेदार नाक्यावर

टेक्सासच्या पश्चिम भागात, मेक्सिकोच्या सीमेला लागून बिग बेंड नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जाताना कोणी काही विचारत नाही. परत येताना विचारतात. ही एवढी साधी गोष्ट आम्हाला आत शिरून एक दिवस झाल्यावर कळली. म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवते: पासपोर्ट सोबत घ्या. आमच्यासारखे तांदळात ठेवून जाऊ नका.

मी निर्मला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चार शाळांत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमचे हे वनखात्यात होते. आमच्या भागात वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. हे पुढे वनपाल झाले, निवृत्तही झाले, पण गावानं आणि मी त्यांना नाकेदार म्हणायचं सोडलं नाही. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी एका वन तपासणी नाक्यावर काढली. रस्त्यात आडवा बांबू, बाजूला पत्र्याची खोली, खोलीत रजिस्टर. गाडी आली की लाकूड पाहायचं, लाकडावरचा हातोड्याचा शिक्का पाहायचा, वाहतुकीचा परवाना पाहायचा आणि मगच बांबू वर करायचा. याहून महत्त्वाचं काम जगात दुसरं नाही अशी त्यांची समजूत आहे. वरातीची बस आली तरी टपावरचा पलंग कशाचा, हे विचारल्याशिवाय त्यांनी नवरा-नवरीला कधी पुढे जाऊ दिलं नाही.

प्लेनो

आमची मुलगी सुजाता डॅलसजवळच्या प्लेनोत राहते. तिथली घरं एवढी मोठी, की माणूस चहा पिऊन कप ठेवायला गेला की थोडा फिरूनही होतो. रस्त्यावर मात्र चालणारं कोणी दिसत नाही. नाकेदार रोज सकाळी चालायला जायचे, तेव्हा दोनदा गाड्या थांबवून लोकांनी विचारलं, "सर, तुमची गाडी बंद पडली का?"

सुजाताची मुलगी प्रज्ञा तिकडेच जन्मली. सव्वीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट आहे. मराठी समजतं सगळं, बोलते अर्धं. आजोबांचे गुडघे ही तिनं आपली खासगी मालमत्ता करून टाकली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं चार दिवस सुट्टी काढली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला टेक्सासचं जंगल दाखवते."

मी तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या, जवसाची चटणी बांधली. नाकेदारांनी दोघांचे पासपोर्ट बॅगेतून काढले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुजाताच्या तांदळाच्या डब्यात तळाशी दाबले.

"रानावनात हरवले तर चंद्रपूरला परत कसे जाऊ?" ते म्हणाले.

मलाही ते पटलं होतं, हे कबूल करते.

टर्लिंग्वा

मध्ये एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टर्लिंग्वाला पोहोचलो. उद्यानाच्या दाराशी असलेलं हे छोटंसं गाव. पूर्वी इथे पाऱ्याच्या खाणी होत्या. आता पडक्या भिंती, चार-दोन खानावळी आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या मातीच्या खोल्या आहेत.

जंगल पाहून नाकेदारांचा चेहरा पडला. झाड म्हणावं असं एकही नाही. काटेरी झुडपं, उभ्या काठ्यांसारखी कसलीशी रोपं, टोकाला लाल तुरे, आणि त्यामागे तांबड्या-निळ्या डोंगरांच्या रांगा थेट आकाशापर्यंत. मला तर बोलायला सुचेना, इतकं ते सुंदर होतं. नाकेदारांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "इथून चोरून न्यायला आहे काय?"

"आजोबा, लोक इथे व्ह्यू बघायला येतात," प्रज्ञा म्हणाली.

"बघू दे. पण गार्डाला काम काय?"

संध्याकाळी खानावळीत मक्याच्या पोळ्या आल्या. आपल्या भाकरीची ही धाकटी बहीण. पातळ, हलकी, थोडी लाजरी. सोबत भाजलेल्या मिरच्यांची चटणी होती. वाढणाऱ्या बाईनं काळजीनं सांगितलं, की ती फार तिखट आहे, जपून घ्या. नाकेदारांनी सगळी वाटी पोळीवर उपडी केली, खाल्ली, आणि बाईला विचारलं की यात मिरची घालायची राहिली का. बाईनं आत जाऊन स्वयंपाक्याला बोलावून आणलं. तो दारात उभा राहून यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःसाठी ठेवलेली वाटी आणून दिली. ती खाऊन मात्र नाकेदार दोन पेले पाणी प्यायले आणि पुढे त्यांनी कोणाची चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांची मालकीण नाश्ता घेऊन आली. बेटी नावाची, सत्तरी ओलांडलेली, चामड्याची टोपी घालणारी बाई. गप्पा मारताना तिनं सहज विचारलं, "परत कुठल्या रस्त्यानं जाणार? कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी चेकपॉइंट लागेल म्हणा. कागद आहेत ना जवळ?"

प्रज्ञानं घास घेतला होता, तो तसाच राहिला.

मग प्रज्ञानं मला समजावून सांगितलं. सीमा इथून जवळ. पण तिकडून आलेल्या माणसाला सीमेवरच अडवतात असं नाही. उत्तरेला शहरांकडे जाणारे जे मोजके रस्ते आहेत, त्या प्रत्येकावर कित्येक मैल आत पोलिसांचा नाका असतो. येणारी प्रत्येक गाडी थांबते आणि आतल्या माणसांना विचारलं जातं, तुम्ही इथले नागरिक आहात का. नसाल तर कागद दाखवा. आणि परदेशी पाहुण्यानं कागद सतत जवळ बाळगायचे, असा इथला कायदाच आहे.

"मी विसरले," प्रज्ञा म्हणाली. "आय ॲम सो सॉरी, आजी. मला कोणी कधी... मी लायसन्स दाखवते आणि जाते."

तिनं सुजाताला फोन लावला. सुजातानं आधी वडिलांना ऐकवायचं ते ऐकवून घेतलं, मग डबा उपसला, दोन्ही पासपोर्टांचे आणि व्हिसाच्या पानांचे फोटो काढून पाठवले. पाऊण तासात फोटो आले. प्रज्ञाचा जीव भांड्यात पडला.

नाकेदारांचा नाही. ते खुर्चीवर बसून होते.

"झेरॉक्स चालत नाही," ते म्हणाले.

"आजोबा, हा फोटो आहे, कलरमध्ये."

"मी कधीच चालू दिली नाही. मूळ परवाना दाखव म्हणायचो. लोक सांगायचे, साहेब घरी आहे, पेटीत आहे, बायकोकडे आहे. मी म्हणायचो, जा आणि घेऊन ये."

"आणि ते जायचे?" प्रज्ञानं विचारलं.

"जायचे ना. दहा कोस असलं तरी जायचे."

मी म्हटलं, "मग आता तुम्ही प्लेनोला जाऊन या. आम्ही थांबतो."

ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

नदीकाठी

मैदान असो की डोंगर, त्या दिवशी नाकेदारांनी काहीही नीट पाहिलं नाही. एक लांब शेपटीचा पक्षी आमच्यापुढे रस्त्यावरून धावत गेला, उडायचं सोडून धावतच गेला. मी आणि प्रज्ञा पोट धरून हसलो. हे गाडीत मागे बसून इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

दुपारी आम्ही रिओ ग्रांदेच्या काठावर गेलो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधली ती प्रसिद्ध नदी. मी मनात काहीतरी प्रचंड धरून गेले होते. आणि समोर बघते तर गुडघाभर पाणी! आमच्या वैनगंगेच्या एखाद्या नाल्यानंसुद्धा तिला आपल्यात बसू दिलं नसतं. पलीकडे एक माणूस घोड्यावर बसून आमच्याकडे पाहत होता. मी हात केला, त्यानंही टोपी काढून हात केला. मधे तेवढं पाणी, आणि दोन देश.

मी चप्पल काढून पाण्यात पाय टाकायला निघाले, तर नाकेदार ओरडले, "अवो, मागे ये! आपल्याजवळ कागद नाहीत. एक पाय तिकडे पडला तर?"

"तिकडे जायला मला अर्धी नदी चालावी लागेल."

"ते त्यांना सांगशील?"

मी काठावरच बसले. नाकेदारांनी उजवीकडे-डावीकडे पाहिलं. मग ते त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "इथे नाका नाही हे बरोबरच आहे. एवढ्या लांब काठावर माणसं किती उभी करणार? नाका जंगलाच्या कडेला टाकायचाच नसतो. जिथे सगळ्या वाटा एका रस्त्याला मिळतात तिथे टाकायचा. ज्यानं ठरवलं तो हुशार आहे."

"पण आजोबा, त्यानं होतं काय?" प्रज्ञा म्हणाली. "ज्यांना लपून जायचं ते गाडीतून उतरतात आणि चेकपॉइंटच्या साइडनं वाळवंटातून चालत जातात. समरमध्ये मरतात पण. आणि गाडीत अडकतं कोण? माझी फ्रेंड मारिसोल. तिचे आजी-आजोबासुद्धा इथेच जन्मले. तिला दर वेळी दहा प्रश्न, मला एक. इट्स यूसलेस."

"नाका नसेल तर सगळे ट्रक भरून नेतील."

"तुम्ही किती ट्रक पकडले?"

"मोठे? चार. पण नाका आहे म्हणून जे आलेच नाहीत, ते कसे मोजणार?"

"आणि जे बाजूनं गेले ते?"

"तेही नाही मोजता येत," ते म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

ही दोघं वाद घालत होती तेवढ्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली. काठावरच्या एका खडकावर तारेचे आणि मण्यांचे छोटे विंचू, पक्षी आणि चालायच्या काठ्या मांडून ठेवल्या होत्या, शेजारी एक बरणी. पलीकडच्या गावातली माणसं सकाळी नदी ओलांडून हे ठेवून जातात आणि लांबून लक्ष ठेवतात. थोडं अलीकडे सरकारी पाटी होती, की या वस्तू विकत घेणं बेकायदा आहे. पाटी मी वाचली. शिक्षिकेनं पाटी वाचली नाही असं कसं म्हणू? पण तो तांबड्या मण्यांचा विंचू नांगी उचलून माझ्याकडेच पाहत होता. मी बरणीत नोट टाकली आणि विंचू पर्समध्ये ठेवला. घोड्यावरच्या माणसानं पुन्हा टोपी काढली.

परतीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदारांनी बेटीकडून इस्त्री मागून घेतली आणि पांढरा शर्ट कडक केला. गाडीत बसल्यावर प्रज्ञानं आपला बेत सांगितला.

"मी सिटिझन आहे असं सांगेन. बाकी प्रश्नांना उत्तर द्यावं लागत नाही, तो आपला राइट आहे. तुम्ही दोघं शांत बसा. विचारलं तर मी फोटो दाखवीन."

"मी शांत बसणार नाही," नाकेदार म्हणाले. "नाक्यावर जो गप्प बसतो, त्याचंच सगळं सामान मी उतरवायचो."

"आजोबा, प्लीज!"

"बेटा, मी खरं सांगेन. मला दुसरं येत नाही."

तासाभरानं, काहीच नसलेल्या त्या सपाट मुलखात, रस्त्यावर एक मोठं पत्र्याचं छप्पर दिसलं. नारिंगी शंकू, कॅमेरे, हिरव्या गणवेशातली माणसं, पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा. पुढे तीनच गाड्या होत्या. नाकेदारांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं फार कमी पाहिलं आहे. त्यांचा हात सीटवर होता, मी त्यावर हात ठेवला.

खिडकीशी आलेला अधिकारी तरुण होता. छातीवरच्या पट्टीवर स्पॅनिश आडनाव.

"गुड मॉर्निंग. यू.एस. सिटिझन्स?"

"मी आहे," प्रज्ञा म्हणाली. "हे माझे ग्रँडपेरंट्स, इंडियाहून आलेत."

तो पुढे काही विचारणार, तोच मागच्या खिडकीतून नाकेदारांनी मान बाहेर काढली आणि आदल्या दिवसापासून जुळवलेलं इंग्रजी एका दमात सोडलं. "सर, गुड मॉर्निंग सर. पासपोर्ट इज ओरिजिनल, बट इट इज इन प्लेनो. इट इज इन राइस."

"इन... राइस?"

"यस सर. फॉर सेफ्टी."

अधिकाऱ्यानं प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञानं डोळे मिटून घेतले होते.

आम्हाला बाजूला गाडी लावायला सांगितली. छपराखाली बाक होते, तिथे बसवलं. एक वयस्कर, पांढऱ्या मिशांचा अधिकारी फोनमधले फोटो घेऊन आत गेला. दुसऱ्यानं आमच्या बोटांचे ठसे घेतले. वागणं सगळ्यांचं नीट होतं. मला पाणीही विचारलं. पण "किती वेळ लागेल" या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. अर्धा तास गेला, मग पाऊण.

नाकेदारांची भीती मात्र दहा मिनिटांत उतरली. त्यांना नाका दिसायला लागला होता. ते उठून उभे राहिले आणि त्या तरुण अधिकाऱ्याला विचारायला लागले. "सर, हाऊ मेनी साइड रोड हिअर? नाइट ड्यूटी चेंज, व्हॉट टाइम? रेनी सीझन, डॉग कॅन स्मेल?"

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ड्यूटी कधी बदलते आणि आडवाटा किती, हे विचारणारा बिनपासपोर्टचा म्हातारा त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा.

"आजोबा, सिट डाउन!" प्रज्ञा जवळजवळ किंचाळली. मग तिनं घाईघाईनं खुलासा केला, की आजोबांची सगळी नोकरी अशाच चेकपॉइंटवर गेली, जंगलात, लाकूड तपासण्यात.

"लाकूड?" मिशीवाले साहेब तेवढ्यात बाहेर आले होते. "लोक लाकडाची तस्करी करतात?"

"टीक," नाकेदार ताठ होऊन म्हणाले. "फर्स्ट क्लास टीक."

साहेब खुर्ची ओढून समोर बसले. पुढची वीस मिनिटं दोन नाकेदार बोलत होते आणि प्रज्ञा दुभाषी झाली होती. हातोड्याचा शिक्का कसा ओळखायचा, खोटा परवाना कसा दिसतो, ट्रकवाला घाबरला की आधी काय करतो. शेवटचं दोघांनी एकदमच सांगितलं: जरुरीपेक्षा जास्त बोलतो. आणि दोघांनी एकदमच नाकेदारांच्या सकाळच्या भाषणावर हसून घेतलं.

मग यांनी तो प्रश्न विचारला. "प्रज्ञा, विचार त्यांना. या नाक्याचा उपयोग होतो का? खरं सांगा म्हणावं, मी कोणाला सांगणार नाही."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बहुतेक दिवस मी इथल्याच माणसांना गुड मॉर्निंग म्हणतो. कधी कोणाच्या खिशात गांजा सापडतो. कधी मोठं काही सापडतं, मग वर्षभर आम्ही तेच सांगतो." ते थोडे थांबले. "आणि उन्हाळ्यात आमच्या गाडीत बेड्यांपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त असतात. नाका चुकवून चालत गेलेल्यांना शोधायला जातो. काही वेळेला उशीर होतो."

प्रज्ञानं हे मराठीत सांगितलं तेव्हा तिचा आवाज मऊ झाला होता.

त्याच वेळी कुत्र्याला आमच्या गाडीभोवती फिरवून आणत होते. मी यांच्या कानाशी वाकले.

"एक सांगू? रागावू नका. माझ्या पर्समध्ये विंचू आहे."

ते ताडकन सरकले. "जिवंत?"

"तारेचा. नदीवरून घेतला. पाटी होती, नका घेऊ म्हणून."

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "निर्मला! मी आत्ता त्यांना सांगतो."

"सांगा. नाकेदाराची बायको चोर, म्हणून सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. कुत्रा माझ्यासमोरून गेला. चटणीच्या पिशवीशी एकदा शिंकला आणि पुढे गेला. त्या दिवशी त्या गाडीत गुन्हेगार एकच होती आणि तिला कोणी काही विचारलं नाही.

आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता हे मी आधीपासून पाहत होते. चाळिशीचा, बुटांवर चुन्याचे डाग. त्याला घेऊन आलेली व्हॅन बाजूला उभी होती. बाकीच्या दोघा कामगारांचे कागद पाहून झाले होते, तरी व्हॅनवाला निघत नव्हता. त्या माणसानं एकही शब्द काढला नव्हता. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. तरुण अधिकारी त्याला आत न्यायला आला तेव्हा त्यानं उठता उठता प्रज्ञाकडे पाहून स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं, आणि मग आकडे, एकेक करून. अधिकारी थांबला. त्यानं त्याला आकडे पुरे करू दिले.

प्रज्ञा शाळेत स्पॅनिश शिकली होती. तो त्याच्या मुलीचा फोन नंबर होता, तिला कळवा म्हणत होता. प्रज्ञा पाठ होईपर्यंत आकडे पुटपुटत राहिली. मी पर्समधून पेन काढलं तर ते यांनी घेतलं. पुरीचा कागद मांडीवर ठेवून हे काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, सवय. इतकी वर्षं नाक्यावर बसलेल्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत.

थोड्या वेळानं मिशीवाले साहेब आले. आमची नोंद संगणकावर सापडली होती. "पुढच्या वेळी पासपोर्ट तुमच्याजवळ हवा, तांदळाजवळ नको," ते म्हणाले आणि नाकेदारांशी हात मिळवला. आम्ही निघालो तेव्हा व्हॅनही निघत होती. त्यात एक जागा रिकामी होती.

गावात आल्यावर

पहिल्या मोठ्या गावाच्या तोंडाशी फोनला रेंज आली. प्रज्ञानं एका किराणा दुकानासमोर गाडी थांबवली, फोन स्पीकरवर ठेवला आणि नंबर लावला.

एका मुलीनं उचलला. आवाजावरून पंधरा-सोळा वर्षांची असावी. प्रज्ञानं अडखळत स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, मुलगी इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही इंग्लिश बोलू शकता." प्रज्ञानं सांगितलं, की तुझ्या वडिलांना चेकपॉइंटवर थांबवून ठेवलंय, आम्ही तिथे होतो. मग मुलीनं विचारलं, "त्यांना कुठे नेलं? किती वाजता? आई मला विचारेल. वकील पण विचारेल. कोणालातरी काहीतरी माहीत असेल ना?"

प्रज्ञानं आमच्याकडे पाहिलं. "मला टाइम आठवत नाही. आजी, किती वाजले होते?"

मी डोकं खाजवलं. मला चेहरा आठवत होता, बूट आठवत होते. वेळ नाही.

"इकडे आण," नाकेदार म्हणाले.

त्यांनी खिशातून पुरीचा तेलकट कागद काढला. त्यावर त्यांच्या रजिस्टरच्या अक्षरात, रकाने पाडून लिहिलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो बसलेलाच होता, ती वेळ. त्याला आत नेलं ती वेळ. व्हॅनचा नंबर, तिच्यावर लिहिलेलं कामाच्या मालकाचं नाव. दोन्ही अधिकाऱ्यांच्या पट्टीवरची आडनावं. हातात बेडी नव्हती. पाणी दोनदा प्यायला. चालताना लंगडत नव्हता.

"हे कधी लिहिलंत?" मी विचारलं.

"नाक्यावरून माणूस आत गेला की बाहेरच्याला काहीच कळत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडेही यायच्या बायका. आमचा माणूस काल इकडून आला होता का म्हणून विचारायच्या. मी लाकूड लिहायचो, लाकडाचं माप लिहायचो. माणसाचा रकानाच नव्हता."

प्रज्ञानं कागद हातात घेतला, पण अक्षर मराठी. तिला वाचता येईना. तिनं तो परत दिला आणि फोन आजोबांच्या तोंडाजवळ धरला.

"सांगा आजोबा. मी ट्रान्सलेट करते."

पलीकडून मुलगी म्हणाली, "एक मिनिट. मी वही घेते."

नाकेदारांनी चष्मा पुसला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आला. मग ती म्हणाली, "ओके. हळू सांगा."

आणि हे हळू सांगायला लागले. एक ओळ सांगायचे, थांबायचे, प्रज्ञा ती इंग्रजीत करायची, आणि मुलीचं लिहून झालं की ती "नेक्स्ट" म्हणायची.